क्लिम्टचा राजपुत्र आणि स्टर्नचा धर्मगुरू : आफ्रिका रंगवणाऱ्या युरोपीय चित्रांचा वाढता बाजार

रंगरेषा (धागा)

मार्च २०२५ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे भरलेल्या टेफाफ कलामेळ्यात व्हिएन्नाच्या एका कलादालनाने ऑस्ट्रियन चित्रकार गुस्टाफ क्लिम्टचे कित्येक दशके बेपत्ता असलेले एक व्यक्तिचित्र विक्रीला मांडले आणि त्याचा भाव दीड कोटी युरो सांगितला. चित्र लहानसेच आहे. एका आफ्रिकी तरुणाचा बाजूला वळलेला चेहरा आणि मागे मोकळ्या हाताने रंगवलेली फुले, एवढाच ऐवज. तरुणाचे नाव विल्यम नी नॉर्टे डोवुओना. आज घानाच्या अक्रा शहरात मोडणाऱ्या ओसू येथील राजघराण्यातला तो होता.

१८९७ साली व्हिएन्नात एक 'लोकांचे प्रदर्शन' भरले होते. ओसूहून आणलेल्या स्त्रीपुरुषांना प्राणिसंग्रहालयाच्या आवारात वस्ती करून राहायला लावायचे आणि शहरवासीयांनी तिकीट काढून त्यांचे राहणे, रांधणे, नाचणे पाहायचे, असा तो प्रकार होता. डोवुओना त्याच गटात होता. क्लिम्ट आणि त्याचा जुना सहकारी फ्रान्झ माच या दोघांनीही त्याला रंगवले. माचचे चित्र आज लक्झेंबर्गच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. क्लिम्टचे चित्र मात्र त्याच्याकडेच पडून राहिले, त्याच्या मृत्यूनंतर १९२३ साली लिलावात गेले आणि १९२८ च्या स्मृतिप्रदर्शनात एर्नेस्टीन क्लाइन या बाईंच्या संग्रहातून आले. क्लाइन कुटुंब ज्यू वंशाचे असल्यामुळे १९३८ मध्ये त्यांना ऑस्ट्रिया सोडावा लागला आणि चित्राचा माग तेथे तुटला. २०२३ साली कोणीतरी ते मळकट, ओळखू न येणाऱ्या अवस्थेत त्या दालनात घेऊन आले, तेव्हा त्यावर क्लिम्टच्या वारसासंपत्तीचा शिक्का जेमतेम दिसत होता. पुढे साफसफाई, तज्ज्ञांची तपासणी आणि क्लाइन यांच्या वारसांशी समझोता झाल्यावर ते विक्रीला आले.

हा धागा काढण्याचे कारण क्लिम्ट नाही. गेली काही वर्षे मी छंद म्हणून लिलावांच्या सूची वाचतो. घेण्याची ऐपत नाही, पण वाचायला पैसे पडत नाहीत. या वाचनात आफ्रिकेवरच्या युरोपीय चित्रांचे प्रमाण आणि भाव दोन्ही चढताना दिसतात. त्याबरोबर एक बदलही दिसतो, त्याच्याविषयी येथील जाणकारांचे मत मला हवे आहे.

जुन्या सूचींत चित्रातल्या माणसाला नाव नसे, फक्त जातकुळी असे. 'न्यूबियन पहारेकरी', 'मूर', 'काँगोची स्त्री', 'अरब धर्मगुरू'. चित्रकाराचे नाव, जन्ममृत्यूची साले, सहीची जागा, मापे, मालकीचा इतिहास आणि कोणत्या प्रदर्शनात चित्र टांगले होते ही सर्व माहिती बारीक टायपात अर्धे पान भरून असायची. बसलेल्या माणसाची ओळख मात्र शीर्षकातल्या सामान्यनामावर संपायची. आता सूचींचे लेखक दफ्तरे उपसून त्या माणसाचे नाव शोधतात, तो कोठून आला आणि पुढे त्याचे काय झाले ते लिहितात. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाने २०१९ साली कृष्णवर्णीय मॉडेलांवर जे मोठे प्रदर्शन भरवले, त्यात काही प्रसिद्ध चित्रांची शीर्षकेच बदलून त्या व्यक्तींची नावे लावली होती. बाजार संग्रहालयांच्या मागोमाग चालतो, हे येथेही दिसते.

शार्ल कॉर्दिए या फ्रेंच शिल्पकाराचे उदाहरण घेऊ. १८४८ साली, म्हणजे ज्या वर्षी फ्रान्सने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली त्याच वर्षी, त्याने पॅरिसच्या 'सलों' या सरकारमान्य कलाप्रदर्शनात एका आफ्रिकी पुरुषाचा अर्धपुतळा मांडला आणि त्याला दारफूरमधील 'सैद अब्दल्ला' असे नाव दिले. राणी व्हिक्टोरियाने १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात त्याची एक प्रत घेतली. प्रत्यक्षात कॉर्दिएसमोर बसलेल्या माणसाचे नाव होते सैद एन्केस. तो पूर्वी गुलाम होता आणि पॅरिसमध्ये चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून बसत असे. म्हणजे पुतळ्याला नाव होते, पण ते त्या माणसाचे नव्हते. आज कॉर्दिएच्या पुतळ्यांना मोठी मागणी आहे आणि वर्णनात एन्केसचा उल्लेख अभिमानाने केला जातो.

बाजाराचा सर्वांत जुना आणि भक्कम भाग उत्तर आफ्रिकेचा आहे. १८३२ साली फ्रेंच चित्रकार देलाक्र्वा मोरोक्कोला जाऊन आला, त्यानंतर पाऊणशे वर्षे युरोपीय चित्रकारांची तेथे रीघ लागली. पुढे ही चित्रे अडगळीत गेली. १९७८ साली पौर्वात्य जगाकडे पाहण्याच्या पाश्चात्त्य नजरेवर टीका करणारे एडवर्ड सईद यांचे 'ओरिएंटॅलिझम' हे पुस्तक आले आणि त्याच्या मुखपृष्ठावर जेरोम या फ्रेंच चित्रकाराचा 'गारुडी' झळकला, तेव्हा तर या चित्रांची अब्रूच गेली असे वाटले होते. गंमत अशी, की त्याच सुमारास आखातातील संग्राहक ती मन लावून घेऊ लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये सदबीज या लिलावसंस्थेने लंडनमध्ये 'नज्द संग्रह' या नावाने ४० चित्रे विकली आणि तीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. सहारापलीकडच्या आफ्रिकेवरची चित्रे भावात याच्या बरीच मागे होती. आता तीही वर येत आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की चित्रातल्या माणसाचे नाव हा आता किमतीचा एक घटक झाला आहे. पण ते नाव सापडल्यामुळे वाढलेली रक्कम ज्याच्या हाती चित्र आहे त्याच्याकडेच जाते. आपल्याला काय वाटते?

शंकासूर

धागा वाचनीय आहे, पण मूळ विधान मला पटले नाही. आपणच दिलेले उदाहरण तपासू. जून २०२३ मध्ये लंडनला क्लिम्टची 'पंखा घेतलेली स्त्री' ८ कोटी ५३ लाख पौंडांना गेली. तिचे नाव कोणाला ठाऊक नाही आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नाही. राजपुत्राचे नाव, गाव, घराणे सर्व ठाऊक असून त्याच्या चित्राचा भाव दीड कोटी युरो. मग नावाने किंमत वाढली म्हणायचे की घटली?

दुसरे उदाहरण चर्चिलचे. जानेवारी १९४३ मधील कासाब्लांका परिषद आटोपल्यावर त्याने रूझवेल्टला मार्राकेशला नेले, मावळतीच्या उन्हातला ॲटलास पर्वत दाखवला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले आपले एकमेव चित्र तेथे काढून त्याला भेट दिले. कुतुबिया मशिदीचा मनोरा आणि मागे पर्वत असे ते चित्र १ मार्च २०२१ रोजी क्रिस्टीजमध्ये अँजेलिना जोलीच्या संग्रहातून विकले गेले. अंदाज होता १५ ते २५ लाख पौंडांचा. हातोडा पडला ७० लाखांवर आणि खरेदीदाराकडून घ्यायचे कमिशन धरून रक्कम झाली ८२ लाख ८५ हजार. हेही युरोपीय हाताने काढलेले आफ्रिकेचेच चित्र आहे. त्यात माणसे ठिपक्यांएवढी आहेत. विकली गेली ती चर्चिल, रूझवेल्ट आणि जोली ही तीन नावे. चौथ्या नावाला त्या पावतीवर जागा नव्हती.

तेव्हा आपण ज्याला बदल म्हणता तो मला विक्रेत्यांच्या लेखनशैलीतला बदल वाटतो. पूर्वी 'विलोभनीय' लिहीत, आता 'विस्मृतीतून पुनरुज्जीवित' लिहितात.

जोबर्गकर

मी नोकरीनिमित्त बारा वर्षे दक्षिण आफ्रिकेत आहे, म्हणून येथल्या बाजाराविषयी थोडे लिहितो. इकडे या विषयावर बोलायचे म्हणजे इर्मा स्टर्न या चित्रकर्तीपासूनच सुरुवात होते.

स्टर्नला युरोपीय म्हणावे की नाही, हा प्रश्न आधी येईल. तिचा जन्म १८९४ साली ट्रान्सवालमधील एका खेड्यात जर्मन ज्यू कुटुंबात झाला, चित्रकलेचे शिक्षण जर्मनीत, माक्स पेखस्टाइन या जर्मन चित्रकाराचा हात धरून. १९१९ मध्ये बर्लिनला पहिले प्रदर्शन. केपटाऊनला परतल्यावर तेथल्या गोऱ्या समाजाने सुरुवातीला तिच्या चित्रांची टिंगल केली. माझ्या मते तिची नजर बर्लिनची होती आणि पासपोर्ट इकडचा. १९३९ आणि १९४५ साली ती झांझिबारला गेली, १९४२ मध्ये काँगोला, आणि तिची सर्वांत महागडी चित्रे या प्रवासांतली आहेत.

त्यांपैकी १९४५ सालचे 'अरब धर्मगुरू' हे चित्र मार्च २०११ मध्ये लंडनच्या बोनहॅम्समध्ये ३० लाख पौंडांहून अधिक किमतीला कतारच्या संग्रहालय प्राधिकरणाने घेतले. त्याच वर्षी इकडे स्ट्राऊस अँड कंपनीच्या लिलावात तिचे 'दोन अरब' २ कोटी १० लाख रँडच्या पुढे गेले. लिलावानंतरची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. धर्मगुरूचे चित्र दक्षिण आफ्रिकेतून गेले होते आणि १९९९ च्या राष्ट्रीय वारसा कायद्यानुसार अशा कलाकृतीला कायमचे बाहेर पाठवायचे तर परवाना लागतो. वारसा संस्थेने तो आधी नाकारला. जर्मनीत शिकलेल्या गोऱ्या बाईने काढलेले झांझिबारमधील अरबाचे चित्र हा दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्रीय ठेवा आहे, असे सरकारी संस्थेने ठामपणे म्हटले. झांझिबार आज टांझानियात आहे आणि या भांडणात टांझानियाला कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता आणखी एका गोष्टीविषयी, म्हणजे चित्राच्या चौकटीविषयी. काही वर्षांपूर्वी केपटाऊनला स्टर्नचे राहते घर पाहण्याचा योग आला. तेव्हा तेथे विद्यापीठाचे संग्रहालय होते. तेथील झांझिबारच्या कोरीव दारांजवळ मी बराच वेळ रेंगाळलो. झांझिबारच्या चित्रांसाठी तिने अशाच दारांच्या कोरीव लाकडाच्या चौकटी करवून घेतल्या होत्या. जवळून पाहिले तर पट्टीवर वेलबुट्टीची रांग दिसते, कोपऱ्यावर नक्षी जुळत नाही, कारण दाराची लांब पट्टी कापून चार बाजू केलेल्या असतात. काही ठिकाणी खिळ्याचे जुने भोकही तसेच आहे. लिलावाच्या सूचीत 'मूळ झांझिबार चौकटीसह' हे शब्द आले की बोली चढते. त्या दारांच्या कामावर कच्छी आणि गुजराती सुतारांचा मोठा ठसा आहे, हे आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचे दरवाजे पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. तेव्हा रंगरेषा यांच्या यादीत आणखी एक भर घालतो. चित्रात बसलेल्याचे नाव निदान कोणीतरी शोधते. चौकट कोरणाऱ्याचे नाव शोधायला अजून कोणी निघालेले नाही, आणि तिचे पैसे मात्र वेगळे मोजले जातात.

जाता जाता आणखी एक. स्टर्नचेच 'काळ्या वेशातील अरब' हे १९३९ चे चित्र लंडनमधील एका सदनिकेच्या स्वयंपाकघरात सापडले, तेव्हा त्यावर पत्रे, बिले, पोस्टकार्डे टाचलेली होती. घरातली मंडळी त्याचा सूचनाफलक म्हणून उपयोग करीत होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नेल्सन मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांवरील राजद्रोहाच्या खटल्याचा खर्च भागवण्यासाठी ते चित्र कोणीतरी दान दिले होते, तेथून ते या कुटुंबाकडे आले. २०१५ साली ते ८ लाख ४२ हजार ५०० पौंडांना गेले.

रंगरेषा

शंकासूर, आपला चर्चिलचा मुद्दा मान्य. क्लिम्टचाही बराचसा मान्य, फक्त एवढे लक्षात घ्यावे की पंखावाली स्त्री ही त्याच्या अखेरच्या वर्षांतली आहे आणि राजपुत्र १८९७ चा, म्हणजे ज्या सोनेरी शैलीसाठी लोक वेडे होतात तिच्या आधीचा. तरीही माझे विधान मी दुरुस्त करतो. जेथे चित्रकाराचे नाव डोंगराएवढे आहे, तेथे बसलेल्याच्या नावाने फारसा फरक पडत नाही. जेथे चित्रकार मध्यम आहे, तेथे तेच नाव सर्व काही ठरवते.

याचे मला सर्वांत चांगले वाटणारे उदाहरण सांगतो. अयुबा सुलेमान डायलो हा आजच्या सेनेगलमधील बुंडू येथील सुशिक्षित मुस्लिम घराण्यातला तरुण. तो पकडला गेला, अमेरिकेतील मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून विकला गेला आणि अरबीत लिहिलेल्या एका पत्रामुळे १७३३ साली लंडनला पोहोचला. तेथे वर्गणी काढून त्याची सुटका झाली, विद्वानांत त्याची ऊठबस सुरू झाली आणि पुढच्या वर्षी तो स्वदेशी परतला. लंडनमध्ये त्याने आठवणीतून संपूर्ण कुराण लिहून काढले, तेही तीन वेळा. विल्यम होअर याने त्याचे चित्र काढले. चित्र काढताना डायलोने आपल्या देशातल्या पोशाखात रंगवण्याचा आग्रह धरला. पाहिलेला नसताना तो पोशाख कसा काढू, असे चित्रकार म्हणाला. तेव्हा डायलोने विचारले, की ज्याला कोणीही पाहिलेले नाही त्या देवाची चित्रे तुम्ही लोक कशी काढता? १७३४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चरित्रात हा प्रसंग आहे. शेवटी चित्र त्याच्या सांगण्याप्रमाणेच निघाले : पांढरा अंगरखा, डोक्याला पागोटे आणि गळ्यात लाल चामड्याच्या वेष्टनातील कुराण.

होअर हा बाथ शहरातील बऱ्यापैकी चालणारा व्यक्तिचित्रकार. त्याच्या इतर चित्रांना बेताचाच भाव मिळतो. डायलोचे चित्र डिसेंबर २००७ मध्ये क्रिस्टीजला ५ लाख पौंडांच्या वर गेले, आणि घेणारे होते पुन्हा कतार. ब्रिटिश सरकारने निर्यात रोखून धरली, लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने २०१० मध्ये ते राखण्यासाठी लोकवर्गणी सुरू केली. अखेर कतारने परवान्याचा अर्ज मागे घेऊन मालकी स्वतःकडे ठेवली आणि चित्र गॅलरीला उसने दिले. येथे पैसा निःसंशय डायलोच्या नावाचा होता. जोबर्गकरांनी सांगितलेली धर्मगुरूची गोष्ट आणि ही गोष्ट एकाशेजारी एक ठेवून पाहावी. एका चित्राला ब्रिटन आपले म्हणते, दुसऱ्याला दक्षिण आफ्रिका, दोन्ही वेळा घेणारा दोह्याचा. सेनेगल आणि टांझानिया ही नावे दोन्ही फायलींत केवळ भूगोल म्हणून येतात.

ब्रसेल्सवासी

बेल्जियममध्ये या चित्रांसाठी स्वतंत्र शब्द आहे, 'आफ्रिकानिस्त'. ब्रसेल्सच्या साब्लों भागात आफ्रिकी मुखवटे आणि मूर्ती विकणारी अनेक दुकाने आहेत आणि त्यांच्याच आगेमागे काँगोवरची तैलचित्रे दिसतात. लिलावापूर्वी दोन-तीन दिवस माल सर्वांना पाहायला ठेवतात. आत जायला पैसे नसतात, कोणी हटकतही नाही. एका थंडीत मी अशाच एका ठिकाणी गेले होते. भिंतीवर एका ओळीत सहा स्त्रिया होत्या. सहाही चित्रांखाली 'स्त्रीचे मस्तक' असे लिहिलेले. एकीच्या कपाळावर गोंदण, एकीच्या खांद्यावर मूल, एकीने चित्रकाराकडे असे काही पाहिले आहे की हा गृहस्थ कधी उठणार, असा प्रश्न तिच्या डोळ्यांत स्पष्ट वाचता येतो. शेजारी उभ्या असलेल्या विक्रेत्याने मला चौथे चित्र दाखवून सांगितले, की हे उत्तम, कारण निळा रंग टिकला आहे.

फेर्नां अलार लोलिव्हिए हा या मंडळींतला बराच मागणी असलेला चित्रकार. १९३३ साली काँगो नदीत बोटीवरून पडून तो तेथेच वारला आणि ही हकिकत आता विक्रेते चित्राबरोबर सांगतात. या चित्रांतला बराचसा प्रवास वसाहतीच्या सरकारच्या किंवा तिच्याशी बांधलेल्या संस्थांच्या खर्चाने झालेला असे. काँगो म्हणजे प्रसन्न, रंगीत, शांत मुलूख, हे मायदेशी दाखवायचे होते. रबर, खाणी, सक्तीची मजुरी या चित्रांत शोधून सापडत नाही.

ब्रसेल्सजवळच्या तेर्व्युरेन येथील आफ्रिकाविषयक सरकारी संग्रहालय २०१८ च्या डिसेंबरात पाच वर्षांच्या दुरुस्तीनंतर उघडले, तेव्हा घुमटाखालच्या दालनातील सोनेरी पुतळ्यांचे काय करायचे हा मोठाच प्रश्न होता. बेल्जियम काँगोला संस्कृती बहाल करतो, अशा अर्थाचे ते पुतळे. इमारत संरक्षित असल्याने ते काढता येत नाहीत. पुढे त्यांच्यासमोर अर्धपारदर्शक पडदे टांगून त्यांवर दुसरी चित्रे छापण्यात आली, म्हणजे पुतळा आणि त्यावरचे उत्तर एकदम दिसते. सरकारी संग्रहालयात अशी तजवीज करता येते. साब्लोंमधून घेतलेले चित्र कोणाच्या तरी जेवणघरात जाते, तेथे पडदा कोण लावणार?

तिरकी रेघ

वरील प्रतिसादांत एक बाजू राहून गेली आहे असे वाटते. ज्यांचा मुलूख रंगवला गेला, तेच लोक पुष्कळदा हौसेने घेणारे असतात. मोरोक्कोत झाक माझोरेल या फ्रेंच चित्रकाराची चित्रे मोरोक्कन श्रीमंत घेतात. तोच तो, ज्याच्या मार्राकेशमधील निळ्या बागेत आपल्याकडचे पर्यटक फोटो काढतात. पॅरिसची लिलावसंस्था आर्टक्यूरियल आता मार्राकेशमध्येही लिलाव करते. माझोरेलने रंगवलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या अंगावर सोन्याचांदीच्या रंगाची पूड लावलेली असते. ती चित्रे प्रत्यक्षात पाहिली की छापील प्रतीत ती निम्मीच दिसतात हे कळते, आणि त्या स्त्रियांना दागिन्यासारखे वापरले आहे हेही त्याच क्षणी कळते.

अल्जीरियाचा प्रकार तर आणखी वेगळा आहे. एतिएन दिने हा फ्रेंच चित्रकार बू सादा या वाळवंटाकाठच्या गावात राहिला, अरबी शिकला, मुसलमान झाला, नसरुद्दीन हे नाव घेतले आणि १९२९ साली हज करून आल्यावर वारला. त्याला बू सादालाच दफन केले. ज्या देशाने फ्रान्सशी इतके रक्तरंजित युद्ध केले, त्या देशात या फ्रेंच माणसाच्या नावाचे संग्रहालय आहे आणि अल्जीरियन लोक त्याची चित्रे आपलीच समजून घेतात. सर्वच युरोपीय चित्रकारांना एका दावणीला बांधू नये, एवढेच म्हणायचे आहे.

तुलनेसाठी एक आफ्रिकी चित्र. नायजेरियाचा बेन एन्वोन्वू याने १९७३ साली इफे येथील राजकन्या अदेतुतू आदेमिलुयी हिला रंगवले, तेच प्रसिद्ध 'टूटू'. लंडनच्या एका सदनिकेत सापडलेले त्याचे एक रूप २०१८ साली बोनहॅम्समध्ये १२ लाख पौंडांना गेले, अंदाजाच्या चौपट. त्या चित्राचे शीर्षकच तिचे नाव आहे. ते शोधायला कोणाला दफ्तरे उपसावी लागली नाहीत.

शंकासूर

एन्वोन्वूचे उदाहरण उत्तम. माझा थोडा विरोध येथे मावळतो. मात्र दिनेच्या बाबतीत हेही पाहावे, की तो अल्जीरियाचा झाला म्हणून त्याच्या चित्रांतल्या मुलींची नावे आपल्याला कळली असे झालेले नाही.

अडगळ

आपण सर्व लाखा-कोटींत बोलत आहात. मी हजारांतला माणूस आहे. मुंबईच्या चोरबाजारात आणि इतरत्र जुनी छापील चित्रे धुंडाळण्याचा मला पंचवीस वर्षांचा नाद. आफ्रिकेवरची युरोपीय चित्रे मुंबईत कशी, असे कोणाला वाटेल, पण त्याला सरळ कारण आहे. १८६७-६८ ची ॲबिसिनियावरची, म्हणजे आजच्या इथिओपियावरची, ब्रिटिश मोहीम मुंबईतून निघाली होती. सेनापती रॉबर्ट नेपियर हा मुंबई लष्कराचा प्रमुख, शिपाई बरेचसे येथले, आणि तोफा ओढायला ४४ हत्ती जहाजांत चढवून तांबड्या समुद्रापलीकडे नेलेले. लंडनच्या सचित्र साप्ताहिकाने विल्यम सिम्प्सन या चित्रकाराला तिकडे पाठवले होते. ते अंक मुंबईच्या क्लबांत, कचेऱ्यांत, बंगल्यांत येत. पुढे बंगले मोडले आणि पाने रद्दीत आली.

या पानांचेही भाव वाढले आहेत. मगदलाचा किल्ला, हत्तींची रांग, तेथील सम्राट तेवोद्रोसचा दरबार, अशी पाने मी पूर्वी शे-दोनशेला घेतली आहेत, आता चौकटीत घालून हजारोंना मिळतात. घेणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. ही मुळात लाकडी ठशावरून काळ्या शाईत छापलेली पाने आहेत. बाजारात रंगीत दिसणारी बहुतेक पाने विक्रेत्यांनी अलीकडे जलरंगाने भरलेली असतात. मी स्वतः एकदा असे पान 'मूळ रंगीत' म्हणून चढ्या भावाने घेतले आणि घरी भिंगाखाली पाहिले, तर रंग घडीच्या भेगेत उतरलेला होता. म्हणजे कागद आधी चिरला आणि मग रंगला. दुकानदाराकडे परत गेलो तर त्याने चहा पाजला. पैसे काही दिले नाहीत.

या मोहिमेचा आणखी एक धागा आपल्या विषयाशी जुळतो. १३ एप्रिल १८६८ रोजी तेवोद्रोसने शरण जाण्याऐवजी स्वतःला गोळी घातली. त्याच्या मृतदेहाचे चित्र काढणाऱ्या एका चित्रकाराच्या कुटुंबीयांनी १९५९ साली सम्राटाच्या केसांची बट लंडनच्या लष्करी संग्रहालयाला दिली होती. ती २०१९ मध्ये इथिओपियाला परत गेली. चित्र काढायला बसलेला माणूस केस घेऊन उठला, हे वाचल्यापासून मला 'मॉडेल' या शब्दाचीच थोडी धास्ती वाटते.

जोबर्गकर

अडगळ, भिंगाची युक्ती लक्षात ठेवतो. इकडे थॉमस बेन्सच्या व्हिक्टोरिया धबधब्याच्या शिळाछापांबाबत हीच तक्रार ऐकू येते. हा बेन्स प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या झाम्बेझी नदीवरील मोहिमेचा चित्रकार. भांडारातल्या मालाची अफरातफर केल्याच्या आरोपावरून १८५९ साली लिव्हिंगस्टनने त्याला हाकलले, आणि त्याने तो आरोप शेवटपर्यंत नाकारला. तीन वर्षांनी तो दुसऱ्या वाटेने धबधब्यापर्यंत पोहोचला. १८६५ चा त्याचा पूर्ण संच आता क्वचित दिसतो, कारण विक्रेते तो सोडवून पान-पान विकतात. एकेका पानाला मिळणारी बेरीज पूर्ण संचापेक्षा जास्त होते.

रंगरेषा

अडगळ, एक विनंती. आपल्याकडच्या ॲबिसिनियाच्या पानांवर चित्राखाली जी छापील ओळ असते, तीत इथिओपियन माणसांची नावे आहेत का, हे सवडीने पाहाल का? मूळ छपाईतच नाव असेल, तर 'आता शोधून काढले' हा सूचीकारांचा दावा थोडा तपासून घ्यावा लागेल.

अडगळ

लगेच कपाट उघडले. हाताशी अकरा पाने आहेत. नेपियरचे नाव चार ठिकाणी, तेवोद्रोसचे पाच ठिकाणी, त्याच्या लहान मुलाचे, अलेमायेहूचे, एका ठिकाणी. इतर इथिओपियन माणसांसाठी 'सरदार', 'भिक्षू', 'स्त्रिया पाणी नेताना'. एका पानावर हत्ती उतरवण्याचे दृश्य आहे, त्यात पागोटे घातलेले माहूत अगदी स्पष्ट दिसतात, एकाच्या हातातला अंकुशसुद्धा. ते बहुधा मुंबईहून गेलेले. खाली छापले आहे, 'हत्ती उतरवताना'.